प्रकल्प नोंदी: हार्ट पेशंटच्या घरच्यांचा फॉर्म मराठीत आणताना (नाशिक)

३ फेब्रुवारी २०२५

एथिक्स कमिटीचं परवानगीचं पत्र आलं एकदाचं. आता नोंदी याच फाइलमध्ये टाकत जाईन, कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या खाली सगळं वाहून जातं आणि नंतर कोणाला काही सापडत नाही.

नव्याने जॉइन होणाऱ्यांसाठी थोडक्यात. हार्टच्या पेशंटचं औषधपाणी, पथ्य, फॉलोअप हे सगळं घरच्यांच्या जिवावर चालतं, पण ओपीडीत घराबद्दल कोणी विचारत नाही, विचारलं तरी "सोबत कोण आलंय" एवढंच, तेही सही घ्यायला. बाहेरच्या देशांत यासाठी तयार फॉर्म आहेत. आम्ही मुख्य धरलाय तो फिनलंडचा, टॅम्पेरे विद्यापीठातल्या नर्सिंगच्या लोकांनी केलेला. त्याचे तीन भाग: घराचा कारभार कसा चालतो, घराची तब्येत कशी आहे, आणि दवाखान्यातल्या नर्स-डॉक्टरांकडून घरच्यांना आधार कितपत मिळतो. हा तिसरा भाग आहे म्हणूनच मॅडमनी हा निवडला, बाकीचे बरेच फॉर्म घराला मार्क देतात पण दवाखान्याला देत नाहीत. डेन्मार्कमध्ये हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी हाच डॅनिशमध्ये नेला होता, म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही. नाव एफएएफएचईएस, ते म्हणताना जीभ वळत नाही म्हणून आम्ही सगळे फिनिश फॉर्म म्हणतो, इथेही तेच लिहीन.

जोडीला घर कसं चाललंय ते मोजणारा छोटा फॉर्म, फॅमिली अपगार, १९७८ चा, डॉ. स्मिल्कस्टाइन यांचा. फक्त ५ प्रश्न, प्रत्येकाला ०, १ किंवा २, बेरीज १० पर्यंत, ७ किंवा वर म्हणजे घर बरं चाललंय, ३ किंवा खाली म्हणजे गडबड आहे. मोठ्या फॉर्मची उत्तरं याच्याशी ताडून बघायची. आणि तिसरं म्हणजे फॅमिली हिस्ट्रीचं एक पान, ते आमचं आम्हीच बनवतोय.

१२ फेब्रुवारी

पद्धत ठरलेलीच आहे, बीटन आणि मंडळींनी २००० साली लिहून ठेवली तीच सगळे वापरतात: दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, दोन्ही समोरासमोर ठेवून एक करायचं, मग मूळ फॉर्म न बघितलेल्या दोघांकडून परत इंग्रजी करून घ्यायचं, कमिटीत बसून भांडायचं आणि शेवटी ३०-४० लोकांवर वापरून बघायचं. आमच्या दोघांपैकी एक सीसीयूची (हार्टच्या अतिदक्षता विभागाची) सिस्टर आणि दुसरे शाळेतून रिटायर झालेले मराठीचे सर. सिस्टरचं मराठी बोलतं, सरांचं मराठी उभं राहून बोलतं. मध्यावर आणायला दोन बैठका लागतील असं दिसतंय.

फिनिश लोकांना मेल गेला परवानगीसाठी, किती प्रश्न बदलता येतील तेही विचारलंय.

२७ फेब्रुवारी

भाषांतराच्या कमिटीची बैठक झाली. कार्डिऑलॉजिस्ट, सीसीयूची सिस्टर, मराठीचे सर, स्टॅटचे (आकडेवारीचे) सर, आमच्या मॅडम, आणि मॅडमच्या आग्रहाखातर बायपास झालेले एक काका आणि त्यांच्या मिसेस. कमिटीत पेशंट बसवायचा म्हटल्यावर कार्डिऑलॉजिस्ट जरा हसले होते पण बैठकीत सगळ्यात जास्त कामाचं काकूच बोलल्या. "एवढं सगळं विचारणार कुठे पण? ओपीडीच्या बाकावर?" आम्ही शब्दांवर दोन तास घालवले आणि हा प्रश्न कोणाच्या अजेंड्यावर नव्हता.

बॅक ट्रान्सलेशन ठीक आलंय. काही वाक्यं इंग्रजीत परत जाताना मुळापेक्षा गोड झाली, ती बाजूला काढलीत.

६ मार्च

पहिल्या मुलाखती. यात पेशंटने प्रश्न ऐकायचा, उत्तर द्यायचं आणि मग आम्ही विचारायचं की तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटलं, उत्तर देताना मनात काय आलं. कागदावर सोपं आहे.

एक घर सविस्तर लिहिते कारण पुढचं बरंच काम इथून बदललं. निफाडकडचे द्राक्षवाले बाबा, साठीच्या आसपास, डिसेंबरात अँजिओप्लास्टी झालेली. सोबत मंडळी, मुलगा, सून, सुनेच्या कडेवर बाळ. खुर्च्या दोन, माणसं पाच. प्रश्न होता की घरात अवघड गोष्टींवर मोकळेपणाने बोलता येतं का. मी बाबांकडे बघून विचारला आणि उत्तर मुलाने दिलं, "एकदम. लपवाछपवी नाही आपल्या घरात काही." आजींनी मान हलवली. सून बाळाच्या टोपीची नाडी बांधत राहिली. बाबा म्हणाले, "त्यालाच विचारा, तोच बघतो सगळं."

तेवढ्यात जन आरोग्य योजनेच्या काउंटरवरून हाक आली, रेशन कार्ड आणि आधार घेऊन या म्हणून. कार्ड आजींच्या पिशवीत, म्हणून मुलगा आणि आजी दोघं गेली, बाळ रडायला लागलं म्हणून सूनही बाहेर गेली. बाबा एकटे राहिले. मी पुढचा प्रश्न वाचणार तर तेच म्हणाले, "मॅडम, माल काय भावानं गेला ते मला घरात कोणी सांगितलं नाही. शेजारच्या बागवाल्याकडून कळलं मला. विचारलं की म्हणतात, बाबा तुम्ही आराम करा." मग थोडं थांबून, "व्यापाऱ्यानं निम्मे पैसे अडकवलेत, तेही त्याच्याचकडून कळलं."

मी म्हटलं मग या प्रश्नाचं काय लिहू. म्हणाले, "चांगलंच लिहा. पोरं वाईट नाहीत ओ माझी."

एक ते सहाच्या पट्टीवर (सहा म्हणजे पूर्ण पटतं) मुलाचं उत्तर सहा, बाबांनी लिहायला सांगितलेलं उत्तरही सहा. आणि मधल्या पाच मिनिटांत जे बोलले ते फॉर्ममध्ये कुठेच बसत नाही.

११ मार्च

मॅडमसोबत बसून ठरवलं ते असं. भाषांतर जमेल, आपलं दुखणं भाषांतर नाहीच. हा फॉर्म ज्या देशात बनला तिथे पेशंटच्या हातात पाकीट देतात, तो घरी जाऊन एकटा भरतो आणि पोस्टात टाकतो असं गृहीत आहे. घरच्या माणसाचा फॉर्म वेगळा, तोही त्याने वेगळा भरायचा. आपल्याकडे पेशंट दवाखान्यात कधी एकटा येतच नाही, आणि एकट्याला बाजूला घेतलं की घरच्यांना वाटतं काहीतरी सिरियस निघालंय. वाचता येत असलं तरी "तुम्हीच वाचा, चष्मा घरी राहिला" हे ठरलेलं. म्हणजे घराबद्दलचा प्रश्न घरासमोरच विचारला जातो आणि उत्तर घराची अब्रू सांभाळून येतं. कोणीही असंच देईल, मी पण देईन.

तर प्रत्येक फॉर्मच्या वर आता दोन ओळी जास्त: उत्तर कोणी दिलं आणि त्या वेळी जवळ कोण कोण बसलं होतं. नुसती सोय म्हणून नाही, हा डेटा म्हणूनच भरायचा. स्टॅटच्या सरांना आधी हे फालतू वाटलं, मग म्हणाले की ठीक आहे, एकटे आणि घोळक्यातले वेगळे काढून बघू.

आणि वेगळं बसवायचं कसं? ईसीजीच्या वेळी पेशंट आत एकटाच जातो, तसंही कोणी हरकत घेत नाही. ईसीजी झाल्यावर शर्टाची बटणं लावेपर्यंत नाजूक प्रश्न विचारून घ्यायचे. बायकांसाठी सिस्टर. घरच्या माणसाचा फॉर्म त्याच वेळी बाहेर दुसरी विद्यार्थिनी घेईल. दोघांची एकाच वेळी सुरुवात, म्हणजे आत काय विचारलं ते बाहेर पोचायच्या आत दोन्ही झालेले.

१९ मार्च

पट्टीचा घोळ. मूळ फॉर्ममध्ये एक ते सहा अशी पट्टी आहे, अजिबात पटत नाही पासून पूर्ण पटतं पर्यंत. सहा वर्तुळं काढून दाखवली तर लोक पहिलं नाहीतर शेवटचं धरतात, मधली चार तशीच कोरी. वयस्कर माणसांची स्वतःची पट्टी आहे आणि ती आण्यांची आहे. सिन्नरच्या एका आजींना विचारलं ऑपरेशननंतर कसं वाटतं, तर "बारा आणे बरं आहे." घरात मदत मिळते का, "आठ आणे धरा." इतकं नेमकं उत्तर सहा वर्तुळांवर कधी मिळालं नव्हतं! मी आणि सिस्टर खूश, आण्यांचीच पट्टी करू म्हणालो. स्टॅटचे सर म्हणाले शून्य, चार, आठ, बारा, सोळा म्हणजे पाच पायऱ्या झाल्या, त्यात आठ आणे म्हणजे मधलं घर, आणि मूळ फॉर्मला मधलं घर नाहीच, तिथे माणसाला इकडे किंवा तिकडे जावंच लागतं. पायऱ्यांची संख्या बदलली तर फिनिश आणि डॅनिश आकड्यांशी तुलना संपली. शिवाय पंचविशीतल्या सुनेला आणे कुठे माहीत, ती "ऐंशी टक्के" म्हणते.

मग सरांनीच सुचवलं की एक प्रश्न दोन टप्प्यांत विचारा. आधी नुसतं "हे तुमच्या घराला लागू आहे की नाही?" हो आलं तर "पूर्ण, बऱ्यापैकी की थोडंसं?" नाही आलं तर तेच तीन पुन्हा. दोन गुणिले तीन, सहा. बोलून विचारायला सोपं, मूळ पट्टीला धक्का नाही. आज दुपारी घेऊन बघितलं, मधली घरं भरायला लागली. सर एरवी एक्सेलमधून डोकं वर काढत नाहीत पण आज चहा त्यांनी पाजला.

२ एप्रिल

पाडव्यामुळे दोन दिवस ओपीडी रिकामीच. बसून "कुटुंब म्हणजे कोण" या पानावर काम केलं. फिनिश फॉर्म म्हणतो की पेशंट ज्यांना आपलं कुटुंब मानतो ते त्याचं कुटुंब. वाचायला छान. इथे योजनेच्या काउंटरवर तासभर उभं राहून आलेल्या माणसाला कुटुंब विचारलं की तो रेशन कार्ड काढतो आणि त्यावरची नावं ओळीने वाचतो. त्यात दोन वर्षांपूर्वी वेगळा झालेला भाऊ असतो, लग्न होऊन गेलेली मुलगी नसते, आणि सातपूरला कंपनीत असलेला, दर महिन्याला औषधाचे पैसे पाठवणारा पुतण्या तर कुठेच नसतो.

आम्ही तीन प्रश्न केले. एका चुलीवर कोण कोण जेवतं. तुमच्या गोळ्या, पैसे, दवाखाना कोण बघतं. आणि रात्री दोनला छातीत दुखलं तर पहिला फोन कोणाला. तिन्ही उत्तरांत एकच माणूस येईल असं वाटलं होतं पण बऱ्याच घरांत तीन वेगळी माणसं निघताहेत. घरच्या माणसाचा फॉर्म यातल्या दुसऱ्या प्रश्नातल्या माणसाकडून घ्यायचा असं ठरलं, नाहीतर जो सोबत आलाय तोच भरतो आणि सोबत येणारा म्हणजे पुष्कळदा ज्याच्याकडे गाडी आहे तो.

१५ एप्रिल

छोटी नोंद. घराचा कारभार मोजायला आधी मॅकमास्टरचा फॉर्म घ्यायचा विचार होता, मूळ १९८३ चा, आता ६० वाक्यांचा, फार वापरला जातो. तो सोडला. त्यात अर्धी वाक्यं उलटी आहेत, म्हणजे आमच्या घरात असं होत नाही, आणि त्याला सहमत की असहमत. "होत नाही" ला "नाही" म्हणायचं म्हणजे होतं की नाही यातच पेशंट आणि विचारणारी दोघं अडकतात. कागदावर वाचणाऱ्याला जमेल, कानाने ऐकणाऱ्याला नाही.

उन्हाळी कामं सुरू झालीत गावोगावी, पापड, कुरडया, सांडगे. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, सगळ्या जेवणात मिळून. आम्ही पथ्याच्या भागात एक साधा प्रश्न टाकलाय: घरात मीठ सगळ्यांचंच कमी झालं की पेशंटची भाजी वेगळी काढतात? हा फिनिश फॉर्ममध्ये नाही, आमची भर, वेगळ्या पानावर. भाजी वेगळी काढतात तिथे पेशंट पुरुष असतो असं आत्तापर्यंत तरी दिसतंय. पेशंट बाई असली की ती सगळ्यांसाठी नेहमीसारखंच करते आणि स्वतः तेच खाते. सासू हार्टची पेशंट असेल तर वेगळं, तिला सून करून देते, मग त्या सुनेचा फॉर्म वाचावा, विशेषतः एकटीने भरलेला.

५ मे

आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली आणि फॅमिली हिस्ट्रीच्या पानाचं सोनं झालं.

आधी अडचण काय होती ते सांगते. हिस्ट्रीच्या पानाला फक्त रक्ताचे जवळचे हवेत: आई, वडील, भाऊ, बहिणी, मुलं. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर ते घराणं जोखमीचं धरायचं. पण "घरात कोणाला हार्टचं आहे का" विचारलं की लोक एका छताखालची माणसं मोजतात. बायको सांगतात, जिचा रक्ताचा संबंध नाही. आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी गळतात. एका काकांनी घरात कोणालाच नाही असं ठाम सांगितलं आणि उठताना सहज म्हणाले की धाकट्या बहिणीला सटाण्यात मागच्या वर्षी दोन स्टेंट टाकले. ती घरात नाही ना आता, तिच्या घरी!

बागलाण, मालेगाव, कळवण या पट्ट्यात आखाजीला लेकी माहेरी येतात. तेव्हा तिकडच्या पेशंटना आधीच सांगून ठेवलं की त्या चार दिवसांत फोन करू, बहिणी जमल्या की स्पीकरवर घ्या. अक्षरशः दहा मिनिटांत अख्खं घराणं निघतं. एक सांगते, दुसरी दुरुस्त करते, तिसरी म्हणते नाही गं ते पोटानं गेले. भावांना स्वतःच्या वडिलांचं आजारपण आठवत नाही एवढं लेकींना आठवतं. कशाने गेले याला "झोपेत गेले" किंवा "वारा लागला" असं उत्तर असतं, तिथे आम्ही थांबून विचारतो, घाम आला होता का, हात दुखत होता का, किती वेळात गेलं सगळं. खात्री नाही झाली तर "अचानक मृत्यू, कारण अस्पष्ट" हा वेगळा रकाना, ओढूनताणून अटॅकमध्ये घालायचं नाही.

वयाचं काय करायचं? मागच्या पिढीला जन्मतारीख नाही. वर्ष काढायला आम्ही एक यादी केली: ७२ चा दुष्काळ, ९१ चा सिंहस्थ, २००३ चा सिंहस्थ, २००८ चा गोदेचा पूर, २०१५ चा सिंहस्थ. "वडील गेले तेव्हा २००३ चा सिंहस्थ होऊन गेला होता का?" नाशिकमध्ये हे कोणालाही सांगता येतं. मग ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होते का, तेव्हा मिसरूड फुटलं होतं का, यावरून वयाचा अंदाज. ५५ च्या अलीकडे की पलीकडे एवढं समजलं तरी काम होतं. नात्यातली लग्नं पण याच पानावर येतात, मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर दोन्ही बाजूंचं घराणं एकच निघतं आणि कोलेस्टेरॉलचा खानदानी प्रकार असला तर तो दोन्हीकडून येऊ शकतो. त्यासाठी घराण्याचं झाड काढताना दुहेरी रेघ.

२१ मे

एकटे आणि घोळक्यातले अशी वेगळी उत्तरं बघायला लागलो आहोत. आकडे स्टॅटचे सर नंतर देतील, अजून फॉर्म थोडे आहेत, म्हणून इथे आकडे लिहीत नाही. पण वाचून जे दिसतंय ते लिहिते.

लपवणं सगळीकडे आहे. पेशंटपासून घर लपवतं: कर्ज, कांद्याचा पडलेला भाव, मुलीच्या घरचं भांडण, एका घरात तर चुलतभाऊ वारल्याचं महिनाभर सांगितलं नव्हतं, दहाव्याला सगळे गेले ते लग्नाला चाललोय सांगून. "हार्टचं माणूस आहे, टेन्शन द्यायचं नाही" हे डॉक्टरच डिस्चार्जच्या वेळी सांगतात आणि घर ते अक्षरशः पाळतं. आणि पेशंट घरापासून लपवतो: छातीत दुखलं, धाप लागली, रात्री उशीवर उशी घेऊन बसून झोप काढली, जिभेखालची गोळी घेतली. दोघंही एकमेकांना जपतात आणि दोघांनाही माहीत असतं.

फिनिश फॉर्म काय किंवा अपगार काय, मोकळेपणा म्हणजे चांगलं घर असं धरून चालतो. मग आपली ही घरं आजारी म्हणायची का? कमिटीत यावर जुंपली. मराठीचे सर म्हणाले ही आपली संस्कृती आहे, आपल्याला वेगळा फॉर्मच हवा. मला नाही पटलं. अमेरिकेत १९९१ साली कॉइन आणि स्मिथ यांनी हार्ट अटॅक आलेल्या पुरुषांच्या बायकांवर काम केलंय, त्यात हेच सापडलं होतं, बायको काळजी गिळते, वाद टाळते, नवऱ्याला काही कळू देत नाही, त्याला त्यांनी प्रोटेक्टिव्ह बफरिंग म्हटलंय आणि जी बायको हे जास्त करते तिला स्वतःला जास्त त्रास होतो असं दिसलं. म्हणजे हे निफाडचंच नाही, तिकडेही आहे. फरक एवढाच की तिथे एक बायको गिळते, इथे अख्खं घर मिळून ठरवतं काय गिळायचं ते, आणि त्याचा सगळ्यात मोठा घास सुनेच्या वाट्याला.

शेवटी ठरलं ते असं: मूळ प्रश्न, मूळ गुण, काही बदलायचं नाही. पण दोघांच्याही फॉर्मच्या शेवटी एक खुला प्रश्न. पेशंटला: "तुमच्या तब्येतीमुळे घरातल्या काही गोष्टी तुमच्यापर्यंत येत नाहीत असं वाटतं का? कोणत्या?" घरच्यांना: "काही गोष्टी त्यांना कळू नयेत म्हणून तुम्हाला सांभाळावं लागतं का? ते तुम्हाला जड जातं का?" यातलं "जड जातं का" सिस्टरने सुचवलं. आज सातपूरच्या एका ताईंनी याच्यावर वीस मिनिटं बोलून घेतलं, टेप बंद करायला सांगून. ते अर्थात लिहीत नाही.

एक कडक नियम केला: एका फॉर्मचं दुसऱ्याला काहीही कळता कामा नये. दोन्ही फॉर्मचा कोड एकच पण कागद वेगळ्या फाइलमध्ये, कुलपात. मुलगा येऊन विचारतोच, "बाबा काय म्हणाले हो आत?"

१३ जून

व्हॉल्व्हवाल्या मुलींचं वेगळं करावं लागणार. पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्यांत बऱ्याच जणी विशी-पंचविशीतल्या, लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, तो ताप हृदयावर बसला आणि झडप खराब झाली. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, काहींना रक्त पातळ ठेवायची गोळी आणि त्यासाठी रक्ततपासणी. यांच्या बाबतीत "कुटुंब" माहेर की सासर हाच मोठा प्रश्न, कारण काही घरांत लग्नाच्या वेळी आजार सांगितलेलाच नसतो आणि इंजेक्शनला माहेरी जायचं निमित्त काढून ती येते. अशा वेळी सासरच्या माणसाचा फॉर्म घेणं म्हणजे तिचं घर मोडणं. एथिक्सला पत्र टाकलं की या गटात घरच्यांचा फॉर्म फक्त पेशंटने स्वतः नाव दिलेल्या माणसाकडूनच, आणि तिने नाही म्हटलं तर नाही. संमतीपत्रातही तसं घातलं.

भाषेचं: त्या भागात घरात कोकणा बोलतात, आमच्या विद्यार्थिनींपैकी एक पेठची आहे, ती तोंडी समजावून घेते. लेखी मराठीच राहील. बागलाणात अहिराणी, तिथे पहिलं उत्तर नेहमी "बठ्ठं चांगलं शे" (सगळं चांगलं आहे), मग हळूहळू खरं येतं. मालेगावसाठी उर्दू लागेल, ते या प्रोजेक्टमध्ये होणार नाही, वेगळं करावं लागेल.

२६ जून

तिसरा भाग, दवाखान्याकडून मिळणारा आधार. सगळे सहाच्या सहा देताहेत. नर्स समजावून सांगतात का, सहा. घरच्यांचं ऐकून घेतात का, सहा. मी अ‍ॅप्रन घालून, गळ्यात आयकार्ड लटकवून, वॉर्डाच्या दारात उभी राहून विचारतेय की तुम्हाला इथे नीट वागवतात का, दुसरं काय उत्तर येणार! एक आजोबा तर हात जोडून म्हणाले, "तुमच्यामुळेच आहे सगळं, पुढची तारीख तेवढी लवकरची द्या."

तिसरा भाग आता फोनवर, डिस्चार्जनंतर, आणि तो एमएसडब्ल्यूचा (समाजकार्य शिकणारा) मुलगा घेणार ज्याला पेशंटने कधी बघितलेलं नाही. सुरुवातीलाच सांगायचं की तारखेशी, योजनेशी याचा काही संबंध नाही. पहिले फोन झाले, सहाच्या जागी दोन-तीन यायला लागले, आणि एका बाईंनी गोळ्या कशा घ्यायच्या हे आपल्याला मेडिकलवाल्याने सांगितलं असं स्पष्ट सांगितलं. त्यांना लघवीची गोळी संध्याकाळी घ्यायची नाही हेसुद्धा तिथेच कळलं. मॅडमनी हे वाचून सीसीयूच्या सिस्टरांची मीटिंग लावली, फॉर्म तयार व्हायच्या आधीच.

९ जुलै

आषाढी झाली, आता माणसं परत येतील. रीटेस्टची वाट लागली होती. तोच फॉर्म तोच माणूस साधारण दोन आठवड्यांनी परत भरतो आणि उत्तरं जुळतात का बघायचं, पण मधल्या काळात निवृत्तीनाथांच्या पालखीसोबत कितीतरी जण त्र्यंबकहून पंढरपूरला निघाले. स्टेंटवाले दोघं. त्यातल्या एकांनी आमच्याच फॉर्मवर जिना चढताना धाप लागते असं लिहिलं होतं. फोन केला तर मागून टाळ वाजत होते, "माउली, चालताना काही होत नाही, थांबलो की दुखतं." डॉक्टरांना लगेच कळवलं, थांबल्यावर दुखतं हे ऐकून त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढायला लावला, ठीक निघाला. गोळ्या सोबत होत्या, दिंडीतल्या एकाकडे ठेवायला दिल्या होत्या. रात्री पहिला फोन कोणाला या प्रश्नाचं त्यांचं उत्तर आता बदललं असणार.

रीटेस्टसाठी नवा नियम: मधे नवा स्टेंट, अ‍ॅडमिशन, औषधात मोठा बदल किंवा घरात लग्न-मयत झालं असेल तर तो फॉर्म रीटेस्टमध्ये धरायचा नाही. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत ही बॅच संपवायचीय, एकदा छाटणी लागली की निफाड-दिंडोरीचं कोणी फॉलोअपला येत नाही आणि आलं तरी मागे फवारणीवाला थांबलाय म्हणून घाईत असतं.

२३ जुलै

पहिल्या दोन भागांची अंतर्गत सुसंगती, म्हणजे एका भागातले प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात, ती स्टॅटच्या सरांनी काढली, नेहमीची ०.७० ची रेघ ओलांडली. तिसरा भाग ओपीडीतल्या फॉर्मवर काढला तेव्हाही आकडा मस्त आला होता, सर म्हणाले सगळ्यांनी सगळीकडे सहा दिल्यावर मस्तच येणार, त्याला आधार धरू नका. फोनवरचे पुरेसे झाले की परत काढतील.

फिनिश मंडळींना बदलांचं पत्र तयार केलं. यात टाकलेलं: प्रश्न आणि पट्टी मूळचीच, विचारायची पद्धत दोन टप्प्यांची, पेशंट आणि घरचे एकाच वेळी वेगवेगळ्या जागी, जवळ कोण होतं याची नोंद, आधाराचा भाग डिस्चार्जनंतर फोनवर, शेवटी खुला प्रश्न, व्हॉल्व्हच्या पेशंटसाठी घरच्यांचा फॉर्म ऐच्छिक. मॅडमचं म्हणणं की "जवळ कोण होतं" हा रकाना मूळ फॉर्ममध्येही घ्या असं त्यांना सुचवावं. मला वाटतं सुचवूच, फार तर नाही म्हणतील.

प्रिंटला मजकूर दिला, अक्षर १६ च्या खाली नको म्हणून सांगितलंय. सोमवारपासून संदर्भ सेवा रुग्णालयाच्या बाजूची बॅच, दोन मुली ईसीजीच्या खोलीत आणि दोन बाहेर. बाहेर बसायला खुर्च्या कमी पडतात, ऑफिसमधून चार मागवल्यात, मिळाल्या तर बघू.